दोन खापरं

नत्थूजींनी चिमट्यात धरलेला खापराचा तुकडा उकळत्या पाण्यात सोडला, तसा तो चुर्र करून बोलला. पातेल्याच्या तळाशी जाऊन बसल्यावरही त्याच्या अंगातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येत राहिल्या. तहानेलं जनावर हौदात तोंड घालून पितं, तसं ते खापर पाणी पीत होतं. नत्थूजी ओट्यावर वाकून कौतुकानं बघत होते. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती.

"आता खापराचा रस्सा करता का?" कुसुमावतीनं मागून विचारलं. "मसाला वाटून देऊ?"

"थांब वं. शास्त्र चालू आहे."

"शास्त्र करा ना. पण माह्यं दुधाचं पातेलं काहून घेतलं?"

दाराशी स्टुलावर बसलेली त्यांची सून काजल हसली. ती बेसा भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिथूनच तिनं दोन दिवसांसाठी थर्मामीटर मागून आणला होता. पिठाचा वजनकाटा घरचाच होता. "होऊ द्या ना, आई," ती म्हणाली. "माह्या वर्गातल्या पोट्ट्यांनी बाबांच्या अर्धं जरी मन लावलं ना, तरी मी पेढे वाटीन."

नत्थूजींनी खापर बाहेर काढलं, झटकलं, आणि थंड पाणी भरलेल्या स्टीलच्या गंजात अलगद सोडलं. थर्मामीटरचा पारा बघता बघता वर चढला आणि एका जागी थबकला. त्यांनी आकडा सांगितला. काजलनं तो मोबाइलवर मांडला. खापराचं वजन, पाण्याचं वजन, आधीचं तापमान, नंतरचं. तापलेल्या खापरानं जेवढी उष्णता सोडली, तेवढीच थंड पाण्यानं आणि गंजानं घेतली. एवढं धरलं की मधे अडकलेला आकडा आपोआप सुटतो, असं तिनं त्यांना आदल्या दिवशी समजावलं होतं. विशिष्ट उष्माधारकता. नत्थूजींच्या वेळी पुस्तकात त्याला नुसतं विशिष्ट उष्णता म्हणत. एक ग्रॅम वस्तू एक अंशानं तापायला किती आग मागते, तेवढंच त्याचं म्हणणं. पाणी भारी मागतं. माती थोडक्यात भागवते.

"बाबा, गडबड आहे," काजल म्हणाली. "पुस्तकात भाजलेल्या मातीचा आकडा पाण्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास आहे. आपला तर त्याच्या दीडपट आला."

"मंग पुस्तक चुकलं?"

"पुस्तक नाही चुकलं. खापर ओलं झालं. तुम्ही ते सरळ पाण्यात उकळलं. जेवढं पाणी ते पिलं, त्या पाण्याची गरमीही आपण खापराच्याच नावावर टाकली."

"म्हणजे केलं एकानं, आळ दुसऱ्यावर," नत्थूजी म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले.

कुसुमावती मात्र हसली नाही. तिनं पातेलं उचललं, हुंगून पाहिलं आणि घासायला नेलं.

या सगळ्या खटाटोपाचं मूळ एका मडक्यात होतं.

जरीपटका वस्तीच्या मागल्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, त्यावर मुलानं, पियुषनं, आणखी दोन चढवल्या होत्या. घरामागच्या अंगणात दर रविवारी सकाळी कुसुमावती लंबी रोटी करायची. चुलीवर पालथं घातलेलं मडकं. शेजारी परातीत सैल, लोण्यासारखी मळलेली कणीक. तिचा गोळा ती या हातावरून त्या हातावर आपटायची, मनगटावर घ्यायची, झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायची. पिठाचा तो पदर हवेत एक गिरकी घेऊन मडक्याच्या पाठीवर जाऊन पडायचा, अंग फुलवायचा, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत निघायचा. पांढरीशुभ्र, रुमालासारखी चौघडी घालता येईल अशी रोटी. डबे घेऊन लोक फाटकापर्यंत उभे राहत. कामाच्या नादात ती गुणगुणायची, कुणी शिकवलेलं नाही, आपलंच जुळवलेलं:

*मडक्याच्या पाठीवर, नाचे रोटीचा पदर*
*हात माहे पिठामंदी, आगीकडं कोनाची नजर*

नत्थूजींनी ही ओवी संसारात कधी धड ऐकली नव्हती. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. रविवार असो की बुद्ध पौर्णिमा, पाळी चुकत नसे. रात्रपाळी करून ते परतायचे तेव्हा चूल निवालेली असायची आणि फडक्यात गुंडाळलेल्या चार रोट्या त्यांची वाट पाहत असायच्या. बायको आगीशी कशी वागते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आपण आगीशी कसे वागतो हे तिला.

दिवाळीच्या सुमारास ते निवृत्त झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि ते घरी आले. घरी आले तेव्हा कळलं, घरात त्यांना बसायला जागाच नाही. खोल्या होत्या, खुर्च्या होत्या, पण ते जिथं बसत तिथंच नेमका कुणाला तरी झाडू मारायचा असे. सोफ्यावर बसले की काजलला पेपर तपासायला तिथलाच उजेड लागे. स्वयंपाकघरात उभे राहिले की कुसुमावती म्हणे, "जरा सरका." ते सरकत. असं सरकत सरकत ते एका रविवारी मागच्या अंगणात पोचले.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं होतं.

कुसुमावतीनं त्यांच्याकडं बघितलं. मग चुलीच्या तोंडापाशी एक पाट टाकला. "बसा. लाकडं सारा."

तेव्हापासून तो पाट त्यांचा झाला. ती मडक्याच्या त्या अंगाला, हे या अंगाला. मधे जाळ. नत्थूजी बाभळीची लाकडं निवडून निवडून आत सारत, फुंकणीनं फुंकर घालत, ज्योत जरा मान टाकतेय असं वाटलं की लगेच नवं लाकूड. जन्मभर एकच गोष्ट शिकले होते, ज्योत पडू द्यायची नाही. "आमच्या फर्नेसमधे असा उजेड राहे ना," ते सांगत, "की काचेतून पाहिलं तर डोळे दिपत." ती हसून ऐकायची. मधेच तिला चहाची तहान लागायची. "एक कप चहा आणता का आतून?" ते लगबगीनं जायचे, आलं ठेचून चहा करायचे, आणि कपबशी सांभाळत परत येऊन पाटावर बसायचे. इतक्या वर्षांनी त्यांना बायकोच्या कपाळावरचा घाम दिसला होता, आणि तो पुसायला तिचे हात कधी मोकळे नसतात हेही.

पण त्याच दिवाळीत आणखी एक गोष्ट घडली होती. जुनं मडकं तडकलं. ज्या म्हाताऱ्या कुंभाराकडून ती वर्षानुवर्षं मडकी घ्यायची, त्याचे हात थकले होते. दुसऱ्याकडून दोन मडकी आणली. एक पहिल्याच जाळात फुटलं, दुसरं चढलं. आणि तेव्हापासून रोट्या बिघडल्या. मधोमध काळे डाग, कडा कच्च्या. काही रोट्या मडक्याला अशा चिकटायच्या की उलथण्यानं खरवडाव्या लागायच्या.

गल्लीतल्या सिंधूताई तोंडाच्या फटकळ. त्यांनी गेल्या रविवारी एक रोटी उजेडात धरली. "कुसुम, रोटीले देवी निघाल्या का वं?"

रांगेतले सगळे हसले. नत्थूजींच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं.

"मडक्याचा दोष आहे, ताई," कुसुमावती पटकन म्हणाली. "नवं मडकं काही कामाचं नाही."

"मडक्याचा असो नाही तं कोनाचा. पाव्हण्याच्या ताटात हे वाढू का मी? पुढच्या रविवारी पाहीन, नाही तं बाई, गॅसवरच्या पोळ्या बऱ्या." सिंधूताईंनी डबा अर्धाच भरून घेतला आणि गेल्या. त्यांच्यामागं आणखी दोघी गेल्या.

त्या दिवशी कणीक उरली. कुसुमावती परात झाकत म्हणाली, "असंच चाललं तं बंदच करून टाकते हे. हातही भरून येतात आता."

नत्थूजींना ते लागलं. रोट्या बंद म्हणजे चूल बंद, आणि चूल बंद म्हणजे पाट उचलला. त्यांनी ठरवलं, मडक्याचा दोष काय तो शोधायचा. आपण आगीतला माणूस. नवी माती उष्णता जास्त धरून ठेवत असेल, तर तसं कुंभाराला सांगता येईल, माती बदलता येईल. बायकोसाठी आपल्याला करता येण्यासारखं हे एक काम आहे. त्यांनी काजलला विचारलं, आणि काजलनं थर्मामीटर आणला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी घाई केली नाही. फुटलेल्या नव्या मडक्याचा एक तुकडा घेतला. जुन्या मडक्याचं एक खोलगट खापर कुसुमावतीनं कुंपणाच्या भिंतीवर चिमण्यांसाठी पाणी भरून ठेवलं होतं. ते त्यांनी उचललं.

"चिमण्यांचं भांडं कायले नेता?"

"परत देतो ना. एक दिवस वाटीनं पितील."

"वाटीले येतात का त्या? त्यांचे पाय घसरतात."

दोन्ही खापरं उन्हात वाळवली, परत परत काट्यावर ठेवून वजन उतरायचं थांबलं तेव्हाच आत आणली. या वेळी खापर पाण्यात नाही टाकलं. जुन्या टिफिनच्या एका डब्यात घट्ट बंद केलं आणि तो डबा उकळत्या पाण्यात ठेवला. कोरडं खापर कोरडंच तापलं. मग झाकण उघडलं, दोऱ्यानं उचललं, गार पाण्यात सोडलं. पारा चढला. पुन्हा केलं. मग दुसऱ्या खापराची पाळी. नत्थूजी बघत होते. बॉयलरच्या पॅनेलपुढं उभे राहत तसे, हात मागं बांधून.

काजलनं मोबाइल त्यांच्यापुढं धरला. "पाहा. जुनं आणि नवं, दोन्ही पाण्याच्या पाचव्या हिश्शावर. उन्नीस-बीसचाही फरक नाही, बाबा. पुस्तकातलाच आकडा."

"जाडी?"

"जाडीही मोजली ना आपण. सारखीच."

"मंग?"

"मग मडकं निर्दोष सुटलं," काजल हसत म्हणाली. ती टिफिन पुसत होती. "आता शास्त्राचा नियम काय, की दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर एकीवर खापर फोडायचं नाही. मडक्याशिवाय दिवाळीपासून काय बदललं? गहू?"

"तोच."

"दळण?"

"तेच. त्याच चक्कीतलं."

"लाकडं?"

"बाभळीचीच."

"मग दुसरं काय नवीन आलं चुलीपाशी?"

नत्थूजी थर्मामीटर पुसत होते. त्यांचा हात थांबला. मग ते पुन्हा पुसू लागले, जरा जास्तच वेळ.

"काही नाही," ते म्हणाले. "पाहू."

काजलनं त्यांच्याकडं बघितलं. तिच्या ओठाशी आलेला शब्द तिनं टिफिनचं झाकण लावावं तसा आत बंद केला. "शाळेचा थर्मामीटर उद्या परत न्यायचा आहे," एवढंच ती म्हणाली आणि वर गेली.

चिमण्यांचं खापर परत ठेवायला नत्थूजी मागं गेले. भिंतीवर ते नीट बसेना, डुगडुगत होतं. खाली टेकू द्यायला काही मिळतं का म्हणून ते न्हाणीच्या आडोशाला वळले. तिथं एक पोतं पसरलेलं होतं. त्यांनी त्याचं टोक उचललं.

पोत्याखाली लाकडं रचलेली होती. अर्धवट जळलेली, टोकाशी काळी पडून विझलेली. एकावर एक, घडी घातलेल्या लुगड्यांसारखी व्यवस्थित. पाणी टाकून विझवलेल्या लाकडाला एक करडा, खारट वास असतो. तो तिथं कोंडला होता. वरच्याच लाकडाला एक गाठ होती. ती गाठ नत्थूजींच्या ओळखीची होती. गेल्या रविवारी चुलीच्या तोंडात ते लाकूड अडकत होतं, तेव्हा त्यांनीच फिरवून फिरवून, जोर लावून आत घातलं होतं. आणि त्यानंतर लगेच कुसुमावतीला चहाची तहान लागली होती.

ते उकिडवे बसून राहिले. दर रविवारचा चहा त्यांना एकेक करून आठवू लागला. आल्याचा, गवती चहाचा, तो एकदा उतू गेलेला. आपण आत आलं ठेचत असताना इकडं काय होत असेल, ते त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. पिठाचे हात तसेच घेऊन ती वाकली असेल, जळती लाकडं ओढली असतील, बादलीत बुडवली असतील, आणि आपली पावलं वाजायच्या आत जागेवर जाऊन बसली असेल. एवढं करूनही मडकं निवायला वेळ कमीच पडायचा. आपण आलो की पुन्हा फुल लोड.

भिंतीवर एक चिमणी येऊन बसली. रिकामं खापर बघून तिनं मान वाकडी केली.

नत्थूजींनी पोतं होतं तसं पांघरलं. खापराला चपटा दगड लावला, पाणी भरलं आणि आत गेले.

रात्री जेवताना कुसुमावतीनं विचारलं, "काय निघालं तुमच्या शास्त्रात?"

"दोन्ही खापरं सारखीच आहेत म्हणते काजल."

"सारखी?" ती त्यांच्या ताटात भात वाढत होती. वर बघितलं नाही. "मंग शास्त्रच चुकलं असन. मडकंच खराब आहे."

"हाव," नत्थूजी म्हणाले. "असन."

रविवारी ते सकाळीच अंघोळ करून चौकात गेले. चहाच्या टपरीवरच्या बाकावर बसून त्यांनी पेपर उघडला. पेपरात काय आहे हे काही केल्या डोक्यात शिरेना. उन्हं अंगावर येऊ लागली. आता चूल पेटली असेल, आता पहिली रोटी पडली असेल, आता सिंधूताई डबा घेऊन आल्या असतील. आपण नसलो की रोटी पांढरी निघेल. निघावी. सहा महिने चुकीच्या जागी बसलो, त्यापेक्षा हे बरं, असं ते मनाशी घोकत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"कुठी आहे तुमी?"

"चौकात. पेपर वाचून राहिलो."

"इथं लोकं येऊन राहिले. चूल पेटली नाही अजून."

"काहून?"

"काहून म्हणता?" पलीकडं परात सरकवल्याचा आवाज झाला. "लाकडं कोण सारन?"

ते आले तेव्हा अंगणात खरंच धूर नव्हता. मडकं धुऊन पालथं घातलेलं होतं, थंडगार. कणीक भिजून तयार होती. फाटकाशी चार बाया उभ्या होत्या आणि सिंधूताई पुढं होत्या.

"या साहेब," सिंधूताई म्हणाल्या. "तुमच्यासाठी कारखाना बंद ठेवला बाईनं. आम्ही काय उपाशी मरावं?"

चुलीच्या तोंडापाशी पाट मांडलेला होता. नेहमीच्याच जागी. नत्थूजी बसले.

त्यांनी दोन लाकडं लावली, काडी ओढली, फुंकर घातली. जाळ धरला. सवयीनं हात तिसऱ्या लाकडाकडं गेला. तो त्यांनी गुडघ्यावर आणून ठेवला. कुसुमावतीनं पहिला गोळा उचलला, आपटला, मनगटावर घेतला. ज्योत मडक्याच्या काठावरून वर चढू लागली. नत्थूजींनी थोडा वेळ तिच्याकडं बघितलं, मग एक लाकूड हळूच मागं ओढलं, बाहेर काढलं आणि शेजारच्या बादलीत बुडवलं.

चुर्र झालं.

कुसुमावतीच्या दोन्ही हातांवर रोटी कोपरापर्यंत लांबली होती. ती हवेत तशीच राहिली, गिरकी न घेता. क्षणभरच. मग ती मडक्याच्या पाठीवर पडली, अंग भरून फुलली, आणि निघाली ती पांढरी, कुठं कुठं बदामी.

सिंधूताईंनी ती उजेडात धरली. उलटी केली, सुलटी केली. "आज मडकं शिकलं वाटते, कुसुम."

"नवं होतं, ताई." तिनं पुढचा गोळा घेतला. "सवय व्हाले येळ लागते त्याले."

रोट्या पडत राहिल्या, डबे भरत राहिले. सिंधूताईंनी आज डबा गच्च भरून घेतला, वर दोन पदरात. कुसुमावती गुणगुणत होती, पिठाच्या तालावर. ओवीची पहिली ओळ झाली, दुसरी अर्ध्यावर आली आणि आगीपाशी येऊन नुसताच सूर राहिला. ओल्या लाकडाचा धूर नत्थूजींच्या डोळ्यांत गेला. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि हातासरशी उठून, मडक्याला वळसा घालून, तिच्या कपाळावरचा घामही पुसला. फाटकाशी कुणीतरी खोकलं.

ते परत जागेवर आले, पण बसले नाहीत. चहाची वेळ झाली होती. तिनं मागितला नव्हता.

"चहा आणू?" त्यांनी विचारलं.

"बसा ना," ती म्हणाली. "कायले उठता घडीघडी?"